समिती बसवायची आहे? मग हे वाचा

संसदेची विभागीय स्थायी समिती, म्हणजे मंत्रालयांचा कारभार आणि विधेयकं तपासणारी खासदारांची समिती, बसवायची तर पहिलं पथ्य: घाई नको. लोकसभा जूनमध्ये आली तरी समित्या सप्टेंबर संपताना झाल्या तर चालतं. २०२४ साली चाललंच की. मुदत एका वर्षाची ठेवा. सदस्याला विषय जरा कुठे कळू लागला की यादी नवी.

समित्या २४. प्रत्येकीवर ३१ जण, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्र्याला बसता येत नाही. गोव्याचे खासदार मुळात तीन, त्यातला एक मंत्री झाला की उरले दोन. बाकीच्या समित्यांत आपलं कोण बोलणार, असले खवचट प्रश्न विचारू नका.

गणपूर्तीला एक तृतीयांश पुरे, म्हणजे अकरा डोकी. परवानगीविना सलग दोन बैठकांना दांडी मारणाऱ्याला काढण्याचा ठराव सभागृहात आणता येतो. आणता येतो हो, आणतंय कोण!

विधेयक समितीकडे पाठवायची सक्ती नाही. तेव्हा नकोच.

आणि पाठवलंच, तर लोकांची मतं जरूर मागवा. जाहिरात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर द्या. माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधणारा माणूस पेपर उघडत नाही. मुदत पंधरा दिवस. निवेदनाच्या दोन प्रती, इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी आणि कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत, पण अनुसूचीतच बऱ्या. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या बागायतदाराने विधेयकाची पन्नास कलमं इंग्रजीतून वाचावीत, कुणाकडून तरी निवेदन टाइप करून घ्यावं, स्पीड पोस्टाच्या रांगेत उभं राहावं. समितीकडून पोच मिळणार नाही. वर जाहिरातीतच बजावलेलं, की निवेदन हे समितीचं दप्तर, गोपनीय! म्हणजे स्वतः लिहिलेलं स्वतःच चारचौघांत दाखवायची चोरी. पंधरा दिवसांत हे सगळं होतं का?

अहवालाला भिऊ नका. शिफारशी बंधनकारक नसतात. सरकारने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं. ‘मान्य नाही’ हेही कळवणंच.

अहो, थोडी तरी लाज बाळगा. मतं ऐकायची नसतील तर मागवू नका, आणि मागवायची तर मुदत महिन्याची द्या, निवेदन आमच्या भाषेत घ्या, भाषांतर तुमच्या सचिवालयात करा, आल्याची पोच द्या. आणि खासदारसाहेब, समितीवर नाव लागलंय ना? मग बैठकीला जा.