देवाची वाट नम्रपणे, पण लवकर कशी पाहावी

नम्र होण्याचा निर्णय तुम्ही घेतलाच असेल, तर पहिली गोष्ट ही की तो चारचौघांना कळला पाहिजे. डोंगरावर वसलेले नगर लपत नाही, असे प्रभूनेच सांगितले आहे. ते त्याने नम्रतेच्या जाहिरातीसंबंधी सांगितले नव्हते, ही किरकोळ बाब आहे. म्हणून प्रार्थनेची सुरुवात नेहमी "प्रभू, मी अगदीच अपात्र आहे" या वाक्याने करावी, आणि ती अशा आवाजात करावी की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तुमची अपात्रता स्पष्ट ऐकू जावी. एक दक्षता मात्र घ्या. हे वाक्य फक्त तुम्हीच उच्चारायचे असते. उपासनेनंतर एखादा भोळा बंधू जवळ येऊन "होय, मलाही तसेच वाटते" असे म्हणाला, तर त्याच्यात प्रीतीची उणीव आहे ही गोष्ट पाळकांच्या कानावर घालण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

बसण्याच्या जागेविषयी शास्त्रात थेट मार्गदर्शन आहे. एका परुश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या, घरी पाहुणे मानाची आसने पटकावताना पाहून येशूने सांगितले, की शेवटल्या जागी जाऊन बस, म्हणजे यजमान येऊन तुला "मित्रा, वर येऊन बस" असे म्हणेल. सामान्य वाचक यात नम्रतेची शिकवण पाहतो. चाणाक्ष वाचकाला यात वर जाण्याचा रस्ता दिसतो. तेव्हा शेवटची जागा धरावीच, पण यजमानाची नजर जिकडून फिरते त्या बाजूची धरावी. तो आला नाही तर आपली खुर्ची दुसऱ्या कोणाला देण्यासाठी उठावे आणि देताना ती थोडी सरकवावी, म्हणजे माना वळतील. एवढे करूनही बोलावणे आले नाही, तर घरी जाताना यजमानाच्या आध्यात्मिक स्थितीबद्दल मनापासून दुःख व्यक्त करावे. दुःख व्यक्त करणे निंदेत मोडत नाही, विशेषतः शेवटी "त्यांच्यासाठी प्रार्थना करा" असे जोडले तर.

ज्यांना पद्धतशीर नम्रता हवी आहे, त्यांच्यासाठी संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांच्या नियमावलीत, सातव्या प्रकरणात, नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत. देवाचे भय सतत मनात बाळगणे ही पहिली, स्वतःच्या इच्छेवर प्रेम न करणे ही दुसरी, मग आज्ञापालन, मग त्या आज्ञापालनात वाट्याला येणारा अन्यायही शांतपणे सोसणे, असे करत करत बाराव्या पायरीवर तो मठवासी मान खाली घालून, नजर जमिनीकडे लावून वावरू लागतो. माझा सल्ला असा, की थेट बाराव्या पायरीपासून सुरुवात करावी. लांबून दिसते ती तेवढीच. आधीच्या पायऱ्यांचे बरेचसे काम आतल्या आत, कोणी पाहत नसताना करायचे असते, आणि कोणी पाहत नसताना केलेल्या नम्रतेची नोंद कोण ठेवणार, हा व्यवहारी प्रश्न बेनेडिक्ट यांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

पदव्यांच्या बाबतीत पोप पहिले ग्रेगरी यांचे उदाहरण घ्या. इ.स. ५९० ते ६०४ या काळात रोमच्या आसनावर असताना त्यांनी "देवाच्या सेवकांचा सेवक" अशी स्वतःची ओळख रूढ केली. ग्रेगरींच्या मनातले आपण जाणत नाही, आणि त्यांच्याविषयी वाईट बोलण्याचे मला कारण नाही. परंतु ही पदवी आजही पोपांकडेच आहे, यातून घ्यायचा धडा उघड आहे. आधी आसन मिळवावे, मग सेवक म्हणवून घ्यावे. आसनाखाली उभे राहून स्वतःला सेवक म्हणवणाऱ्याला लोक लगेच पाणी आणायला पाठवतात.

आता देवाच्या वेळेकडे वळू. प्रतीक्षा करणे ख्रिस्ती माणसाला चुकलेले नाही. स्तोत्रकर्त्यापासून हबक्कूक संदेष्ट्यापर्यंत सगळे तेच सांगतात, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्राप्रमाणे प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे. अडचण एवढीच की आपल्या बढतीची, लग्नाची किंवा मंडळीतल्या पदाची यादी इतकी वर्षे टिकत नाही. तेव्हा देवाच्या वेळेला हातभार लावणे क्रमप्राप्त ठरते, आणि या शास्त्राचा आद्य आचार्य म्हणजे विश्वासाचा पिता अब्राहाम.

वयाच्या ७५ व्या वर्षी तो हारान सोडून निघाला तेव्हा त्याला संततीचे अभिवचन मिळालेले होते. कनान देशात दहा वर्षे गेली, मूल नाही. अभिवचनाबद्दल शंका नव्हती, शंका फक्त वेळापत्रकाबद्दल होती. साराने आपली दासी हागार पुढे केली, अब्राहामाने नम्रपणे पत्नीचे ऐकले, आणि तो ८६ वर्षांचा असताना इश्माएल जन्मला. साराचा मुलगा इसहाक जन्मला तेव्हा बाप १०० वर्षांचा होता, म्हणजे ही मदत केल्यानंतरही देवाने चौदा वर्षे घेतलीच. पण अपयशाकडे पाहू नका, खर्च कोणाच्या नावावर पडला ते पाहा. भाकरी आणि पाण्याची पखाल खांद्यावर घेऊन मुलासह बैर-शेब्याच्या रानात भटकायची वेळ हागारेवर आली. देवाला घाई करताना हे सूत्र विसरू नये: घाई आपली असावी आणि तिची किंमत घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाने द्यावी. त्यालाही पुढे सांगता येते, की देवाने तुझ्याद्वारे आम्हाला धीर धरायला शिकवले.

इस्राएलाचा पहिला राजा शौल याची गोष्ट यापेक्षाही उपयोगी आहे, कारण त्याने घाईपेक्षा घाईचे समर्थन अधिक चांगले केले. शमुवेल संदेष्ट्याने ठरवून दिलेले सात दिवस तो गिलगालात थांबला. सैनिक पांगू लागले, शत्रू असलेले पलिष्टी मिखमाशात जमले, आणि शमुवेलाचा पत्ता नव्हता. जे होमार्पण शमुवेलाने येऊन करायचे होते ते शौलाने स्वतःच केले, ते संपते न संपते तोच शमुवेल येऊन पोचला. त्या वेळी राजाने दिलेले उत्तर प्रत्येकाने पाठ करावे असे आहे: लोक माझ्यापासून फुटत होते, तुम्ही वेळेवर आला नाही, शत्रू जमला होता, आणि परमेश्वराची कृपा अजून मागितलेली नव्हती, म्हणून मी मनाविरुद्ध हे केले. यात काय नाही? परिस्थिती आहे, वडीलधाऱ्यांची चूक आहे, आणीबाणी आहे, धर्मनिष्ठा आहे आणि शेवटी त्यागही आहे. "मला हे पद नकोच होते, पण लोकांनी आग्रह धरला" या परंपरेचे मूळ इथेच शोधायला हवे. शौलाचे राज्य गेले हे खरे. पण त्याच्यासमोर शमुवेल होता. तुमच्यासमोर बहुधा नसेल.

याउलट दावीद हा या विषयात वाया गेलेला माणूस समजावा. पुढचा राजा म्हणून अभिषेक झालेला, शौल हात धुऊन पाठीमागे लागलेला, आणि एन-गेदीच्या गुहेत तोच शौल एकटा, बेसावध, हाताच्या अंतरावर. दावीदाच्या माणसांना देवाची इच्छा तत्काळ समजली. परमेश्वराने सांगितलेला तो हाच दिवस, असे ते म्हणाले. ही माणसे खरी आपल्या परंपरेतली. दार उघडे दिसले की ती प्रभूची योजना आणि बंद दिसले की सैतानाचा अडथळा, हा नियम त्यांना पक्का ठाऊक होता. दावीदाने मात्र झग्याचा काठ कापला आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. पुढे शौल युद्धात पडल्यावर ३० व्या वर्षी तो राजा झाला, तोही आधी एकट्या यहूदा वंशाचा, आणि हेब्रोनात साडेसात वर्षे काढून मग साऱ्या इस्राएलाचा. गुहेतल्या त्या एका संधीचा वापर केला असता तर किती वर्षे वाचली असती, याचा हिशेब करून पाहा आणि यापुढे उघड्या दारासमोर फार प्रार्थना करत बसू नका.

तक्रारीचे काय, असे कोणी विचारील. शास्त्रात तक्रारीला जागा आहे, हे मी नाकारत नाही. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तेथेच राहिला, तेव्हा मार्थेने त्याला तोंडावर सांगितले, की प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. पण असे बोलणे आपल्याला शोभत नाही. मार्थेचे दुःख खरे होते, म्हणून तिला सरळ बोलणे परवडले. तुम्ही लोकांसमोर "त्याची वेळ परिपूर्ण असते" असे हसतमुखाने म्हणावे आणि मग आठवडाभर देवाशी अबोला धरावा. यामुळे मंडळीत तुमच्या स्थिर विश्वासाची चर्चा होते, आणि प्रार्थनेसाठी लागणारा वेळही वाचतो.

देवाच्या वेळेचा सर्वोत्तम उपयोग मात्र स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यांसाठी होतो. आपला न्याय रखडला तर ती परीक्षा असते. दुसऱ्याचा रखडला तर ती त्याला नम्र करण्याची देवाची योजना असते. एप्रिल १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्ध निदर्शने सुरू असताना आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर निवेदन काढून ती अविवेकी आणि अवेळी असल्याचे सांगितले. भाषा सौम्य होती, हेतू शांततेचा होता, आणि थांबायला ज्यांना सांगितले जात होते त्यांच्यापैकी एक, मार्टिन ल्यूथर किंग, त्या वेळी तुरुंगात होते. स्वतः पाळक असलेल्या किंग यांनी तिथूनच उत्तर लिहिले, की आम्ही ३४० वर्षांहून अधिक काळ थांबलो आहोत. पाहा, माणसाचा धीर कसा सुटतो! दुसऱ्याला धीराचा उपदेश करणाऱ्याने अशा आकड्यांपासून जपून राहावे. समोरच्याने वर्षे मोजायला सुरुवात करण्यापूर्वीच विषय स्वर्गातल्या प्रतिफळाकडे वळवावा. लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या विधवेचा दाखला तर त्याच्यासमोर अजिबात वाचू नये. ती न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन त्याला बेजार करते, आणि येशू तिला नम्र राहायला सांगण्याऐवजी तिचेच उदाहरण देतो, ही गोष्ट चुकीच्या माणसाच्या हाती पडली तर शिस्त कशी राहील?

तारीख काढण्याच्या भानगडीत पडू नका, एवढे जाता जाता सांगतो. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी प्रभूच्या आगमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखाच उगवला. "लवकरच" म्हणणाऱ्यावर अशी वेळ सहसा येत नाही.

राहता राहिला निवडीचा प्रसंग. येशूला शत्रूंच्या हाती देणारा यहूदा इस्कर्योत मेल्यावर बारा प्रेषितांतली बारावी जागा रिकामी झाली, आणि योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूबरोबर वावरलेल्या माणसांतून दोन नावे पुढे आली: मत्थिया, आणि ज्याला बर्सब्बा म्हणत व ज्याचे उपनाव युस्त होते तो योसेफ. चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. प्रेषितांच्या कृत्यांत या दुसऱ्या उमेदवाराची तीन नावे दिली आहेत आणि त्याच्या तोंडचा एकही शब्द दिलेला नाही. इतकी वर्षे मागे चालून, तोंडाशी आलेले पद गेल्यावर त्याला किती गोष्टी करता आल्या असत्या! चिठ्ठ्या पुन्हा टाकण्याची मागणी करता आली असती. बाराचे तेरा करण्याचा ठराव मांडता आला असता. आपल्या बाजूच्या चार कुटुंबांना घेऊन वेगळी मंडळी काढता आली असती, आणि तिच्या नावात "खरी" हा शब्द घालता आला असता. यातले काही त्याने केल्याची नोंद नाही, यावरून त्याला योग्य सल्लागार मिळाला नव्हता हे स्पष्ट होते. तुम्ही ती चूक करू नका. निवडीच्या आदल्या रात्रीच आपले निवेदन लिहून ठेवा, सुरुवात "प्रभूच्या इच्छेपुढे मी मान तुकवतो" अशी करा, दुसऱ्या परिच्छेदापासून मतमोजणीतल्या त्रुटी क्रमवार मांडा, आणि कोणाकोणाला प्रती पाठवल्या ते खाली स्वच्छ अक्षरात लिहा.