वहिनीची बावीस मिनिटं

या जानेवारीत मेलबर्नहून येऊन तीन आठवडे नागपूरला माहेरी होते. मेलबर्नमध्ये तेव्हा शाळांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी असते, आणि आपल्याकडे हुरड्याचे दिवस. दुसऱ्याच संध्याकाळी घरात वाद झाला. माझी भाची कॉलेजातून येताना मैत्रिणींबरोबर धरमपेठेतल्या एका कॅफेत गेली होती. तिचं खातं तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या दादाच्या, फोनला जोडलेलं आहे, त्यामुळे 220 रुपये गेल्याचा मेसेज ती घरी पोचायच्या आधीच घरी पोचला.

"दोनशे वीस रुपये एका कॉफीचे?" बाबा म्हणाले. "घरी पंधरा-वीस रुपयांत होते. फुकटच म्हण ना." आणि माझ्याकडे वळून, "तूच सांग हिला. तिकडे लोक सगळं स्वतः करतात की नाही?"

भाची माझ्याकडे बघत होती, बाबा माझ्याकडे बघत होते, आणि वहिनी तोवर उठून आत गेली होती, कारण कॉफीचा विषय निघाला म्हणजे कॉफी मांडायची वेळ झालेली असते. त्या संध्याकाळी मी नीट उत्तर दिलं नाही. आता देते.

आधी कपातल्या कॉफीचा हिशेब, कारण बाबांचा मुद्दा तिथूनच सुरू होतो. फेब्रुवारी 2025 मध्ये अरेबिका जातीच्या कॉफीचा जागतिक भाव पौंडाला चार अमेरिकी डॉलरच्या वर गेला, 1977 चा जुना उच्चांक त्याआधी डिसेंबर 2024 मध्येच मोडला होता. ब्राझीलमध्ये दुष्काळ, व्हिएतनाममध्येही पीक कमी, म्हणून. आता त्या चढ्या भावानंच धरू. चांगल्या कॅफेत एका कपाला साधारण 18 ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. भाजताना वजन घटतं, म्हणजे कच्ची बी एकवीस-बावीस ग्रॅम. त्याचे होतात सोळा-सतरा रुपये. दूध धरा दहा-पंधरा रुपयांचं. सगळा उच्चांकी भाव धरूनही कपातला माल पस्तीस रुपयांच्या आत. तेव्हा बाबांचं गणित चुकलेलं नाही. 220 मधले 185 रुपये कॉफीचे नाहीतच. ते खुर्चीचे आहेत, एसीचे, यंत्राचे, धरमपेठेतल्या भाड्याचे, 5 टक्के जीएसटीचे आणि करणाऱ्याच्या हातांचे. त्यात हातांचे किती, हा माझा प्रश्न आहे.

मी 2008 मध्ये मेलबर्नला शिकायला गेले. त्याच वर्षी स्टारबक्स या अमेरिकी कॅफे कंपनीनं ऑस्ट्रेलियातल्या 84 दुकानांपैकी 61 बंद केली होती, आणि आमच्या वर्गात सगळे त्याबद्दल बोलत. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन लोकांनी त्या शहराला एस्प्रेसोची, म्हणजे यंत्राच्या दाबानं काढलेल्या कडक कॉफीची, चव लावली होती, गल्लोगल्ली छोटे कॅफे होते. बाहेरून येऊन गोड सिरपं घातलेली कॉफी विकणं तिथे जमलं नाही. विद्यार्थ्यांना तेव्हा आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी होती, आणि मला काम मिळालं ते कॅफेतच.

त्या कामातलं मला अजून बोटांत आठवतं ते दूध. स्टीलच्या भांड्यात थंड दूध, वाफेची नळी पृष्ठभागाच्या जरा खाली, सुरुवातीला कागद फाटल्यासारखा आवाज यायला हवा, मग नळी खोल नेऊन दूध गोल फिरवायचं. तळहात भांड्याला लावून ठेवायचा. हात लावून ठेवणं सोसेनासं झालं की वाफ बंद, म्हणजे साठ-पासष्ट अंश. त्याच्या पुढे गेलं की दुधाची गोडी जाते. पहिले दोन महिने माझा डावा तळहात लालच असायचा. सकाळी सात ते दहा, रांग दारापर्यंत. ही अंगमेहनत आहे आणि कसबही आहे. बारावीनंतरचा पोरगा उभा करून दोन दिवसांत ते येत नाही.

तिथल्या कॅफेची भलामण करायची म्हणून हे सांगत नाही. माझ्या पहिल्या मालकानं मला तासाला आठ ऑस्ट्रेलियन डॉलर रोख दिले, कायद्यानं तेव्हा चौदाच्या आसपास बसत होते. माझ्यासारखे कितीतरी विद्यार्थी तसेच राबत होते आणि व्हिसाच्या भीतीनं गप्प होते. ते चित्र बदलायला फार वर्षं लागली. मेलबर्न ज्यात आहे त्या व्हिक्टोरिया राज्यानं 2021 मध्ये जाणूनबुजून पगार बुडवणं हा फौजदारी गुन्हा केला, आणि 1 जानेवारी 2025 पासून तो देशभर गुन्हा आहे. लोक लढले म्हणून झालं.

जुलै 2025 पासून तिथे किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झालं. फ्लॅट व्हाइट, म्हणजे दूध घातलेली एस्प्रेसो, साधारण साडेपाच डॉलरला मिळते, रुपयांत तीनशेच्या वर. बाबांना सांगितलं तर म्हणतील, अजूनच महाग! पण ती करणाऱ्या पोरीला स्वतःची कॉफी विकत घ्यायला किती वेळ राबावं लागतं? तेरा मिनिटं. रविवारी आणि सणाला कॅफेच्या दारावर पाटी असते, आज बिलावर 10 किंवा 15 टक्के जास्त, कारण त्या दिवशी पगाराचा दर चढा असतो. कुरकुर करणारे तिथेही असतात, पण पैसे मोजतात.

धरमपेठेतला तो कॅफे मी दोन दिवसांनी बघायला गेले, भाचीला आणि वहिनीला घेऊन. काउंटरवरचा मुलगा विशीतला, भंडाऱ्याकडचा. त्याचा हात चांगला होता, मला दुधाच्या आवाजावरून कळतं. गर्दी नव्हती, बोलायला लागलो. महिन्याला बारा हजार, रोज दहा तास, आठवड्याची एक सुट्टी. मी मनात भागाकार केला. तासाला सेहेचाळीस रुपये. जी कॉफी तो दिवसभर करतो ती एक विकत घ्यायला त्याला पावणेपाच तास उभं राहावं लागेल. तेरा मिनिटं आणि पावणेपाच तास. नागपुरात कॉफी महाग आहे का, असं कोणी विचारलं तर मी हे दोन आकडे सांगेन. दोनशे वीस या आकड्यावर आम्ही घरात दोन तास भांडलो, आणि त्या मुलाच्या बारा हजारांवर कोणी शब्द काढला नव्हता, कारण ते कोणी विचारलेलेच नव्हते.

बाबांची पिढी बाहेर कॉफी पीत नव्हती असंही नाही. धरमपेठेत कॉफी हाउस चौक आहे, नावातच सगळं आलं. आणि बाबा स्वतः इंडियन कॉफी हाउसचे भक्त. तुरेवाल्या फेट्यातले वाढपी, जाड पांढरे कप, एका कपावर दोन तास गप्पा. त्या कॉफी हाउसची गोष्ट मात्र आमच्या घरात कोणी सांगितली नव्हती, मी ती तिकडे राहून वाचली. सरकारच्या कॉफी बोर्डानं 1950 च्या दशकात आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली बंगळूरला 1957 मध्ये, मग दिल्ली, मग एकेक शहर, त्यात नागपूरही. म्हणजे बाबांना जो माणूस कॉफी आणून देत होता तो त्या संस्थेचा भागीदार होता. स्वस्त कॉफी आणि करणाऱ्याचा मान, दोन्ही एका टेबलावर असू शकतात हे आपल्याच गावानं पाहिलेलं आहे. त्यासाठी मेलबर्नला जायची गरज नव्हती.

आता "तिकडे लोक सगळं स्वतः करतात" याबद्दल. करतात, हे खरं. आमच्या घराच्या भिंती मी आणि नवऱ्यानं रंगवल्या, कुंपणाच्या फळ्या आम्ही बसवल्या, नवऱ्याचे केस मी कापते. प्लंबर नुसता दारात आला की शंभर डॉलरच्या वर बिल, काम वेगळं. हात महाग आहेत म्हणून माणसं स्वतःचे हात वापरतात. ते संस्कारातून आलेलं नाही, मजुरीच्या दरातून आलेलं आहे. आणि सगळं करू देतही नाहीत. विजेचा साधा स्विच बदलायचा तरी परवानाधारक इलेक्ट्रिशियनच लागतो, स्वतः केलं तर गुन्हा. नागपुरात हात स्वस्त आहेत, म्हणून भांडी घासायला कोणी, झाडायला कोणी, इस्त्रीला कोणी, आणि उरलेलं सगळं वहिनी. अशा घरात "घरी करा" याचा अर्थ "स्वतः करा" असा होत नाही. "तिनं करावं" असा होतो.

वादाच्या त्या संध्याकाळी मी घड्याळ पाहिलं होतं. मुद्दाम नाही, जेट लॅगमुळे सारखी वेळ बघत होते. वहिनी आत गेली तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं. फ्रिजमधून दूध, गंज (पातेलं) विसळून शेगडीवर, साखर. आम्हा सहा जणांत दोघांना कमी साखर, बाबांना बिनसाखरेची, म्हणजे साखर सगळ्यांत एकदम घालता येत नाही. दूध वर येईस्तोवर हलता येत नाही, हललं की उतू जातं. कॉफी थोड्या गरम दुधात कालवून घ्यायची. जायफळ सहाणेवर दोन वळसे, वेलदोड्याचे दोन दाणे. सांडशीनं गंज धरून सहा कपांत ओतायचं, साय कोणाला नको ते लक्षात ठेवून गाळायचं. ट्रे बाहेर आला तेव्हा सहा सत्तावीस. बावीस मिनिटं. मग कोणाला बिस्कीट हवं, कोणाला पाणी. तिनं स्वतःचा कप उचलला तेव्हा त्यावर साय धरली होती. बाहेर अजून तोच वाद चालू होता: घरची कॉफी फुकट.

ती कॉफी उत्तम होती हेही सांगते. जायफळाच्या कॉफीला मेलबर्नच्या कुठल्याही कॅफेत जोड नाही. आमच्या लहानपणी एजी ऑफिसातल्या, म्हणजे महालेखाकारांच्या कचेरीतल्या, तमीळ काकू शेजारी राहायच्या, त्यांची फिल्टर कॉफी आणि आमची जायफळाची, अशी अदलाबदल भिंतीवरून चालायची. आणि मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत हे आमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? शाळेच्या सहलीत मी ती पाहिली होती, हिरवी-लाल फळं, सरांनी एक फोडून दाखवलं होतं. कॉफी म्हणजे कॅफेवाल्यांनी आणलेली चैन, असं विदर्भानं तरी म्हणू नये.

तर कॅफेत आम्ही तिघी बसलो. वहिनी पहिली दहा मिनिटं खुर्चीच्या काठावर होती, कप रिकामे झाले की उचलायला हात पुढे जायचा. मग मागे टेकली. दीड तास बसलो, कोणी उठा म्हटलं नाही. खिडकीतून रस्ता दिसत होता. तिचं लग्न होऊन तेवीस वर्षं झाली, चोवीस वर्षांची असताना ती या घरात आली. ती म्हणाली, "अहो ताई, मी बसून राहिली अन् दुसऱ्या कोणी कॉफी आणून दिली, असं मला आठवतच नाही बाप्पा." मैत्रिणींना भेटायचं तर कुठे, हेही ती बोलली. चौकातल्या चहाच्या टपरीवर दादा रोज अर्धा तास उभा असतो, दहा रुपयांत त्याला गाव भेटतं. तिनं तिथे उभं राहून कधी चहा घेतलेला नाही, आणि घेतला तर चार माना वळतील. तिच्यासाठी आणि भाचीसाठी दोनशे वीस रुपये ही खुर्चीची किंमत आहे. टपरीवरच्या जागेचं भाडं दादाला पडत नाही, म्हणून त्याला ते दिसत नाही.

ही किंमत सगळ्यांना परवडत नाही, आमच्याही घरात रोज परवडणार नाही. वस्त्यांमध्ये बायकांना आणि मुलींना बसायला चांगली, उजेडाची, संडास असलेली जागा असती तर कॅफेनं इतकं भाडं लावलं नसतं असं मला वाटतं. मेलबर्नमध्ये कितीतरी उपनगरांत नगरपालिकेचं वाचनालय आहे, तिथे दिवसभर बसा, कोणी काही मागत नाही. कॉफीच्या भावावर बोलणाऱ्यांनी थोडं त्यावरही बोलावं, महापालिकेकडे तेही मागावं.

निघायच्या आदल्या दिवशी भाची म्हणाली, "आत्या, तू आजोबांना काहीच बोलली नाहीस. मी जाऊ की नको जाऊ?"

जा. महिन्यातून दोनदा जा, आणि एकदा आईला घेऊन जा, मैत्रिणी तिच्याही बोलव. त्या मुलाशी बोल, त्याला रविवारी, दिवाळीला जास्त मिळतं का ते विचार, आणि मिळत नसेल तर मालकाला विचार की का नाही. दादाचा फोन खात्यापासून सोडव, तू वीस वर्षांची आहेस. आणि दर रविवारची संध्याकाळची कॉफी तू आणि दादानं करायची, आळीपाळीनं, आजोबांची बिनसाखरेची वेगळी काढून, गंज घासून ठेवण्यापर्यंत. जायफळ वरच्या फळीवर डाव्या हाताला, हळकुंडांच्या डब्यात आहे. दोनच वळसे घाल.