कपडे धुतल्याने माणसाचा वास जात नाही, आणि थंड पाण्यात गोचीडही बहुधा मरत नाहीत

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. हरणाच्या शिकारीला जाणाऱ्याने आपले कपडे सांगितलेल्या पद्धतीने धुतले, तर हरणाला माणसाचा वास अजिबात येत नाही, असा त्याचा दावा आहे. इथे शिकार कायदेशीर आहे, राज्य सरकार तिचे परवाने देते, आणि आपल्यातली बरीच तरुण मुले सहकाऱ्यांच्या संगतीने हौसेने जाऊ लागली आहेत. त्यामुळे हा संदेश अशा घरांत पोचतो आहे, जिथे तो पारखून घेऊ शकेल असे थोरले माणूस नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाने तो शब्दशः पाळायला घेतला आणि गोचिडांपासून बचावासाठी आणलेली फवारणीची बाटली तशीच कपाटात ठेवून दिली, हे कळल्यावर मला गप्प बसवेना.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. खास बिनवासाच्या साबणाने कपडे धुतले की माणसाचा वास पूर्ण नाहीसा होतो, मग वाऱ्याची दिशा बघण्याची गरज उरत नाही. कपडे थंड पाण्यातच धुवावेत, ड्रायरमध्ये घालू नयेत, बाहेर झुडपांवर वाळवावेत आणि जंगलातला पालापाचोळा भरलेल्या पिशवीत ठेवावेत. गोचिडांचे कोणतेही औषध लावू नये, कारण हरणाला ते लांबून कळते. आधीच्या साबणाचा सुगंध काढण्यासाठी धुलाई यंत्रात ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र ओतून ते रिकामे फिरवावे. साध्या डिटर्जंटने धुतलेले कपडे हरणाला चकाकताना दिसतात. वास शोषणाऱ्या कोळशाचे अस्तर असलेला सूट ड्रायरमध्ये फिरवला की नव्यासारखा होतो. आणि हे सगळे करूनही शंका राहिलीच, तर कपाटात वास मारण्यासाठी ओझोन वायू सोडणारे यंत्र लावावे.

क्रम मी बदलते आहे, कारण गोचिडांविषयीचा सल्ला बाकी सर्वांपेक्षा घातक आहे.

लाइम हा आजार बोरेलिया नावाच्या जिवाणूमुळे होतो आणि या भागात तो काळ्या पायांच्या गोचिडाच्या चाव्यातून माणसाला होतो. सीडीसी या अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे 4,76,000 लोकांवर या आजाराचे उपचार केले जातात, आणि विस्कॉन्सिन हे त्याचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या राज्यांपैकी एक आहे. थंडी पडली की गोचीड संपतात, ही समजूत आपल्या लोकांत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात या जातीचे पूर्ण वाढलेले गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोरात असतात आणि तापमान गोठणबिंदूच्या वर असेपर्यंत गवताच्या आणि खुरट्या झुडपांच्या टोकांवर पुढचे पाय पसरून, जवळून कोणी जाण्याची वाट बघत बसतात. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो आणि बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे शिकाऱ्याचे दिवस आणि गोचिडाचे दिवस बव्हंशी एकच असतात. मादी जेमतेम तिळाएवढी असते. गुडघ्यामागे, काखेत, पट्ट्याखाली किंवा केसांच्या कडेला ती चिकटली, तर चावा दुखत नाही आणि अंगावर तीन-चार थर कपडे असलेल्या माणसाला दिवसभर पत्ता लागत नाही.

अशा दिवसांत संदेश सांगतो की थंड पाण्यात धुवा, ड्रायर टाळा, झुडपांवर वाळवा आणि पालापाचोळ्यात ठेवा. गोचीड घरात आणण्याची याहून खात्रीची पद्धत मला सुचणार नाही. काळ्या पायांच्या गोचिडांचा मुक्कामच मुळी झाडाखालच्या पाचोळ्यात असतो. तिथली ओल त्यांना जगवते. धुण्याने ते मरतात का, याची तपासणी सीडीसीच्या संशोधकांसह काही जणांनी घरगुती यंत्रांत प्रत्यक्ष गोचीड घालून केली आणि 2016 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. थंड आणि कोमट पाण्यातून बहुतेक गोचीड जिवंत बाहेर आले. पाण्याचे तापमान 54 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त होते तिथेच पाण्याने काम केले. याउलट ड्रायरच्या कोरड्या उष्णतेने ते काही मिनिटांत मेले, कारण गोचीड पाण्यात तग धरतो पण सुकण्यापुढे टिकत नाही. म्हणूनच सीडीसीचा सल्ला असा आहे की जंगलातून आल्यावर कोरडे कपडे आधी ड्रायरमध्ये घालून चढ्या उष्णतेवर दहा मिनिटे फिरवावेत, कपडे ओले असतील तर अधिक वेळ द्यावा, आणि आधी धुणे भागच असेल तर गरम पाणी वापरावे. संदेशाने नेमके ड्रायरवरच बोट ठेवून तो वर्ज्य केला आहे.

औषधाबद्दल अर्धे खरे आहे ते मान्य करते. अंगाला लावायच्या डीट या कीटक दूर ठेवणाऱ्या औषधाला वास असतो, तो आपल्याला येतो तर हरणालाही येत असणार. पण कपड्यांसाठी सांगितले जाणारे औषध डीट नव्हे, ते 0.5 टक्के पर्मेथ्रिन आहे. ते कातडीवर लावायचेच नसते. कपडे, बूट आणि पिशव्या यांवर आदल्या दिवशी उघड्यावर फवारून पूर्ण वाळू द्यायचे असते, आणि वाळल्यावर माणसाच्या नाकाला तरी त्याचा वास जवळजवळ येत नाही. फवारलेला कपडा अनेक धुण्यांपर्यंत उपयोगी राहतो. घरात मांजर असेल तर ओले औषध तिच्यापासून दूर ठेवावे, कारण तिला ते विषारी आहे. हरणाला वाळलेल्या पर्मेथ्रिनचा माग लागतो असे धरून चालले, तरीही ज्या हरणाला तो वास पोचला त्याला त्याच वाऱ्याने माणसाचा वास आधीच पोचलेला असतो, मग औषध टाळून मिळवले काय? बहुतेक वेळा जिवाणू अंगात शिरायला गोचीड 24 तासांहून अधिक काळ चिकटून राहावा लागतो, म्हणून घरी आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करणे आणि सगळे अंग तपासणे यालाही तितकेच महत्त्व आहे. चिकटलेला गोचीड दिसला तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. त्यावर तेल, व्हॅसलीन किंवा पेटती काडी यांचे प्रयोग करू नयेत. पुढच्या 3 ते 30 दिवसांत लाल, पसरत जाणारा चट्टा उठला किंवा ताप आला, तर डॉक्टरला जंगलात गेल्याचे स्पष्ट सांगावे.

ब्लीच आणि व्हिनेगर यांच्याबद्दल वाद घालण्याजोगे काही नाही. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरिन वायू सुटतो. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन सुटते, तेही श्वासाला तितकेच वाईट. इथल्या घरांत धुलाई यंत्र बहुधा तळघरात असते, खिडकी असली तर एखादी हातभर, आणि झाकण उघडून वाकून पाहणाऱ्याच्या थेट नाकातोंडात तो वायू जातो. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला त्यांनी निदान हे वाक्य चुकीचे होते असे त्याच गटावर लिहावे, एवढी माझी मागणी आहे.

आता वासाचा मूळ मुद्दा. बिनवासाचा साबण निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. स्वयंपाकघराशेजारी टांगलेल्या जाकिटात फोडणीचा वास किती मुरतो, हे आपल्यापेक्षा कोणाला ठाऊक असणार! पेट्रोल, सिगारेट, अत्तर, सुगंधी डिटर्जंट, असे बाहेरून लागलेले वास धुण्याने कमी होतात आणि ते कमी केलेले बरेच. धुण्यात खाण्याचा सोडा घालण्यातही तथ्य आहे. पायमोज्यांना येणारा आंबूस वास आयसोव्हॅलेरिक आम्लासारख्या आम्लांचा असतो आणि सोडा आम्ल मारतो. पण माणसाचा वास कपड्यात तयार होत नाही. काखेतला घाम बाहेर पडतो तेव्हा जवळजवळ बिनवासाचा असतो. कातडीवरचे जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा त्याला वास येतो, आणि ते जिवाणू शिकारी मचाणावर बसलेला असतानाही आपले काम करतच असतात. कातडीचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. शिवाय स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा उच्छ्वासातून बाहेर सोडतो, तिच्यात ॲसिटोन, आयसोप्रीन, अमोनिया असे पदार्थ असतात. कपडे कितीही वेळा धुतले तरी श्वास कसा धुणार, याचे उत्तर संदेशात नाही.

या प्रश्नाची चाचणीही झालेली आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वन्यजीव संशोधन केंद्रातील जॉन शिविक यांनी माणसे शोधायला शिकवलेली कुत्री घेतली आणि लपलेल्या माणसांपैकी काहींना वास शोषणारे कोळशाच्या अस्तराचे कपडे घातले. त्यांचा लेख 2002 मध्ये वाइल्डलाइफ सोसायटी बुलेटिन या नियतकालिकात आला. कुत्र्यांनी जवळजवळ प्रत्येक माणूस शोधून काढला आणि तो खास पोशाख घातल्याने माणूस सापडायला अवघड झाला असे दिसले नाही. फरक पडला तो हवामानाने. कुत्रा म्हणजे हरीण नव्हे, हा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. पण ज्याची उपजीविकाच वासावर आणि सावधपणावर चालते त्या प्राण्याला साध्या धुण्याने फसवता येते, असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा आहे, आणि संदेशात एकाही चाचणीचा उल्लेख नाही.

त्यामुळे वाऱ्याची दिशा बघण्याची गरज नाही हे वाक्य अज्ञानाचे आहे. शिकारीत मुरलेली माणसे मचाण निवडताना पहिल्यांदा वारा बघतात आणि वारा हरणाच्या वाटेकडून आपल्याकडे येईल अशीच जागा धरतात. चढ-उताराच्या जमिनीवर त्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. सकाळी ऊन लागले की तापलेली हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी गार झालेली हवा घळीत उतरते, म्हणून सकाळची जागा संध्याकाळी चालत नाही. बरेच जण खिशात मिल्कवीड या रोपाच्या बोंडातले बियांचे रेशमी झुपके ठेवतात आणि एकेक हवेत सोडून तो कुठे वळतो, कुठे खाली बसतो ते डोळ्यांनी बघतात. हे रोप आपल्या रुईच्याच कुळातले, आणि लहानपणी आपण जिच्यामागे धावत असू त्या म्हातारीसारखाच तो झुपका तरंगतो. महागड्या साबणाच्या बाटलीपेक्षा ही फुकटची वस्तू शिकाऱ्याला कितीतरी जास्त सांगते.

चकाकणाऱ्या कपड्यांचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही, हे मला नाइलाजाने लिहावे लागते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या डोळ्यातील दृष्टिपटलाची मोजमापे 1994 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींचे दोनच प्रकार आढळले, एक 450 ते 460 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास निळ्याला आणि दुसरा 537 च्या आसपास हिरवट रंगाला सर्वाधिक प्रतिसाद देणारा. डिटर्जंटमधली उजळपणा आणणारी द्रव्ये अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. पूर्वी आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना राणीपाल घालत, ते याच जातीचे. तेव्हा अशी द्रव्ये नसलेला साबण वापरण्यात अर्थ आहे. मात्र भडक रंगाची सक्ती असलेल्या बंदुकीच्या हंगामात यावरून कोणी केशरी रंग टाळू नये. तो रंग हरणाच्या डोळ्यांत फारसा भरत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याच्या डोळ्यांत मात्र भरतो, आणि भडक रंगाची सक्ती आहे ती त्यासाठीच.

कोळशाच्या सुटाबद्दल थोडक्यात. कारखान्यात वापरलेला सक्रिय कोळसा पुन्हा पहिल्यासारखा करायला 800 अंशांच्या आसपास तापवावा लागतो. घरचा ड्रायर 60-70 अंशांपर्यंत जातो. तेवढ्या उष्णतेने काही हलके पदार्थ निघून जातात, पण सूट नव्यासारखा होत नाही. अशा कपड्यांच्या जाहिरातींवरून शेजारच्या मिनेसोटा राज्यात खटलाही झाला होता. 2010 मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने वास नाहीसा करण्याचे दावे खोटे ठरवले, आणि 2011 मध्ये अपिलात उत्पादकांविरुद्धचा मनाई हुकूम रद्द झाला, म्हणून त्या खटल्याचा हवाला कोणत्याही बाजूने देताना दोन्ही निकाल सांगावेत. संदेशात एकीकडे ड्रायर वर्ज्य आणि दुसरीकडे सूट ड्रायरमध्येच फिरवा, हे लिहिणाऱ्याला खटकलेले दिसत नाही.

ओझोनचे यंत्र झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात लावणे हे तर सरळ टाळावे. ओझोन फुप्फुसांना त्रास देतो, खोकला आणि छातीत जळजळ आणतो, दमा असलेल्याचा दमा उसळवतो, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्पष्ट म्हटले आहे की आरोग्याला सुरक्षित असलेल्या प्रमाणात तो घरातल्या हवेतले दूषित पदार्थ काढायला फारसा उपयोगी नसतो. शिवाय त्याने रबर आणि इलॅस्टिक तडकते, म्हणजे बुटांचे तळ आणि पट्ट्याही खराब होतात. यंत्र घेतलेच असेल आणि दुकानाची परतीची मुदत उरली असेल, तर ते परत करून त्या पैशांत पर्मेथ्रिनची बाटली आणि एक चांगला चिमटा घ्यावा.