खाटेवरची बेटी

1692 मध्ये ज्या सेलम व्हिलेजमधून चेटकिणींच्या खटल्यांना सुरुवात झाली, ते आजचे डॅन्व्हर्स मॅसॅच्युसेट्समधील आमच्या घरापासून फार लांब नाही. त्या खटल्यांवरील आर्थर मिलर यांचे 1953 चे ‘द क्रूसिबल’ हे नाटक यंदा इथल्या शाळेत बसत आहे, आणि शेजाऱ्यांच्या मुलीला त्यात बेटी पॅरिसची भूमिका मिळाली आहे. पहिल्या अंकात बराच वेळ नुसते निपचित पडून राहायचे म्हणून ती हिरमुसली. मला मात्र ते नाटकातले सर्वांत अवघड काम वाटते.

दहा वर्षांची बेटी गप्प असते तोवर भोवतालची मोठी माणसेच बोलत राहतात. धर्मोपदेशक असलेल्या वडिलांना आपल्या पदाची धास्ती असते, पटनम दांपत्याला दगावलेल्या अर्भकांसाठी कोणीतरी दोषी हवे असते, आणि औषध सापडत नसल्याने कारण अनैसर्गिक असावे, असा डॉक्टरांचा निरोप येतो. अंकाच्या अखेरीस ती उठून चेटकिणी म्हणून बायकांची नावे घेऊ लागते, तेव्हा ती नावे तिची स्वतःची कितीशी असतात?

आरोप करणाऱ्या मुलींपैकी अबिगेल प्रत्यक्षात अकरा-बारा वर्षांची होती; मिलर यांनी तिला सतरा वर्षांची केले आणि कथा मत्सराकडे वळवली. नाटक त्यामुळे बांधीव झाले, पण त्यातली मुले केवळ आरोप करणारी उरली. चेटकीण ठरवली गेलेली सारा गुड नाटकात आहे. तिची चार-पाच वर्षांची मुलगी डोरोथी, जिला चेटकाच्या आरोपावरून महिनोन्महिने साखळदंडात ठेवले, ती नाही, आणि हे मला फार खटकते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 मध्येच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी पुण्यातील नातेवाइकांशी बोलताना वाद अजून श्रद्धेवर घाला पडतो की नाही इथेच अडतो, तर इथली मराठी मंडळी ‘आपल्याकडे अजून हे चालतेच’ असा सुस्कारा टाकून मोकळी होतात. नंदुरबारकडे सातपुड्याच्या पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवण्याची सुरुवात पुष्कळदा घरातल्या आजारपणातूनच होते: पोराचा ताप उतरत नाही, दवाखाना लांब असतो आणि भगत नाव सांगतो. कायदा हवाच, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. परंतु तो बहुधा नाव उच्चारले गेल्यावरच पोहोचतो, आणि त्याआधीच्या रात्री त्या खाटेशी नर्स का पोहोचली नाही, हे आम्ही दोन्हीकडचे लोक विचारत नाही.

शेजारच्या मुलीला मी डोरोथीची हकीकत सांगितली: आईने दिलेला छोटा साप आपले बोट चोखतो, असे ती चौकशीत म्हणाली, बोटावरचा पिसू चावल्याएवढा लाल ठिपकाही तिने दाखवला, आणि त्याच वर्षी 19 जुलैला तिच्या आईला फाशी झाली. ऐकून शेजारची मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, की असे उत्तर यावे म्हणून त्या मोठ्या माणसांनी डोरोथीला नेमके काय विचारले होते?