चप्पल अंगठ्यानं दाबून घेऊ नका

सोलापुरात नवी पेठेत चप्पल घ्यायला गेलं की आपलं ठरलेलं असतंय, चप्पल उचलायची, अंगठ्यानं दाबायची, "मऊ आहे की हो" म्हणायचं आणि थेट भावाला लागायचं. माझं स्पष्ट मत आहे, या मऊपणाच्या नादानंच अर्ध्या गावाच्या टाचा दुखायल्यात. दाबल्यावर भसकन आत जाणारा फोम दुकानात भारी वाटतो, पण रोज आपलं साठ-सत्तर किलो वजन पडलं की काही महिन्यांत टाचेखाली पार चपटा होतो, वरून चप्पल नवीच दिसते म्हणून आपण ती बदलतही नाही.

त्यापेक्षा हातात घेऊन वाकवून बघा. बोटं जिथं वाकतात तिथं, चवड्यापाशी वाकली पाहिजे. मधोमध घडी पडायली तर ठेवून द्या. मग ओला टॉवेल पिळतो तशी पिळून बघा, सहज पिळली गेली तर तळव्याच्या कमानीला ती काय डोंबल आधार देणार! मागं पट्टा असेल तर उत्तमच, कारण सैल चप्पल निसटू नये म्हणून आपण नकळत बोटं आवळून चालत असतो, संध्याकाळी तळवे भरून येतात ते त्यामुळंही.

आणि खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा फुगतोच, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. दोन्ही पायांत घालून उभं राहून बघायचं, दोन्ही पाय सारखे नसतात, जो मोठा त्याचं माप धरायचं आणि सगळ्यात लांब बोटापुढं साधारण अर्धा इंच जागा सोडायची. "वापरली की सैल होईल" म्हणणाऱ्या दुकानदाराला लांबूनच नमस्कार करा, चामडं थोडंफार सैल पडतं पण रेक्झिन कसलं सैल होतंय, पायालाच कुरूप होतं.

कोल्हापुरी घालू नका असं मी म्हणत नाही. उलट २०१९ साली तिला जीआय (ठराविक भागातल्या खास मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळाला त्यात आपला सोलापूर जिल्हाही आहे, हे कितीजणांना माहितीये? चामड्यामुळं पाय चिकचिकत नाही, मला स्वतःला आवडते. पण सोल सपाट आणि कडक, त्यामुळं सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना ज्याच्या टाचेत कळ येते (डॉक्टर प्लांटर फॅसायटिस म्हणतात ते) त्यानं ती लग्नाकार्यापुरतीच ठेवावी. अशा माणसानं घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. आपल्याकडं घरोघरी शहाबादी नाहीतर टाईल्स, बायका सकाळी तासन् तास ओट्यापुढं उभ्या, आणि घरात चप्पल म्हणलं की मोठ्यांच्या कपाळाला आठ्या! अहो, घरातली वेगळी ठेवा, बाहेरची नका आणू, झालं.

शुगरवाल्यांचं तर वेगळंच. नसांवर परिणाम होऊन तळव्याची जाणीव कमी झाली की चप्पल पायातून निसटून मागं राहते आणि माणूस तसाच चार पावलं पुढं जातो, त्याला कळतच नाही. हे घरात कुणाचं दिसलं तर वयावर ढकलू नका, डॉक्टरला पाय दाखवा. अशा पायाला खडा टोचला, पट्टा घासला तरी दुखत नाही, जखम दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून घालायच्या आधी चप्पल-बूट उलटा करून झटकायचा आणि रात्री तळवे बघायचे, स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा धरून. एप्रिल-मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर यांनी अनवाणी जाऊच नये, फोड आलेला घरी आल्यावर कळतो. सुती मोजे घालून सकाळी लवकर दर्शन घ्यावं, सिद्धरामेश्वर काही रागवत नाही.

यांच्यासाठी एमसीआरची (मायक्रो सेल्युलर रबरची) चप्पल मिळते, मऊ पण लवकर चपटं न होणारं रबर, मागं पट्टा, वर वेलक्रो, त्यामुळं पाय सुजला तर सैल करता येते. अंगठ्याची मात्र नको, बोटांच्या बेचक्यात घासते. आमच्या वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "हे दवाखान्यातलं पायात घालून मी कट्ट्यावर जाऊ होय?" शेवटी तपकिरी रंगाची, जरा बरी दिसणारी शोधून आणली तेव्हा कुठं पायात घातली, आणि कट्ट्यावर विचारलं तर सांगतात, पोरानं पुण्याहून आणलीय.