‘ताई, घरात बसून लिहिणं सोपं असतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की मुंबईत रस्ता काँक्रिटचा करण्याआधी त्याच्या पोटातली पर्जन्य जलवाहिनी बदलून घ्या, आणि तिचा नंबर लागला नसेल तर तोवर रस्ता डांबरीच राहू द्या. त्यावर एका वाचकांनी लिहिलंय: “ताई, घरात बसून लिहिणं सोपं असतं. गटारांची वाट बघत बसलो तर रस्ता कधीच होणार नाही. खड्ड्यात माणसं मरतात. नव्या कामांत कडेची गटारं धरलेली असतातच. खर्चाचा विचार केलाय का? आणि ब्रिमस्टोवॅड २००५ नंतरचा नाही, आधीचा आहे.”

शेवटचं आधी घेते. चूक माझीच. ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईची पावसाळी गटारं सुधारण्याच्या योजनेचा, अहवाल १९९३ चा. केंद्राचा पैसा आला तो मात्र २००५ च्या पुरानंतर. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता “घरात बसून”. हे तुम्ही एखाद्या पुरुषाला लिहिलं असतंत का? ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्याच शब्दाला घर दाखवायचं, ही रीत मला चांगली ओळखीची आहे. एका कार्यालयात तुंबलेल्या चेंबरची तक्रार घेऊन गेले होते, तर समोरचे साहेब म्हणाले, “तुम्ही मिस्टरांना पाठवा.” मिस्टर तेव्हा घरात गुडघाभर पाण्यातून गाद्या उचलत होते.

हो, मी घरातच बसते. ते घर दादरच्या हिंदमाताजवळ, पावसात हमखास तुंबणाऱ्या सखल भागात आहे, तळमजल्यावर. १९९१ साली लग्न होऊन इथे आले तेव्हा रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून आत यावं लागायचं. आज एक उरली आहे. पायऱ्या कुणी तोडल्या नाहीत. जुना थर न खरवडता वर नवा थर पडत गेला, रस्ता वर आला आणि आम्ही खाली गेलो. एका वर्षी तर ठेकेदाराच्या माणसांनी दारासमोरच्या जाळीवरच डांबर ओतलं. दुसऱ्या दिवशी मी आणि शेजारच्या वहिनी छिन्नी-हातोडी घेऊन ती मोकळी करत बसलो होतो. लोखंडाच्या पट्ट्यांमधलं डांबर उन्हाने मऊ झालेलं, छिन्नीला चिकटायचं. अकरा भोकं मोकळी व्हायला दुपार गेली. त्या अकरा भोकांतून आमच्या गल्लीचं पाणी जातं.

२९ ऑगस्ट २०१७ ला पाणी पिठाच्या डब्याच्या झाकणापर्यंत आलं. काळं पाणी, कारण ते दारातून येण्याआधी मोरीतून उलटं आलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना पोटमाळ्यावर चढवलं. त्याच दिवशी, इथून चालत जाण्याच्या अंतरावर, एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. खड्ड्यात माणसं मरतात हे मला मान्य आहे. तुंबलेल्या पाण्यातही मरतात.

तेव्हा घरात बसून काय कळतं, हे मला शिकवू नका.

“वाट बघत बसलो तर” असं तुम्ही म्हणता. शहराची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी असेल असं धरून आणि निम्मं पाणी मुरेल असं मानून. आता रस्ता, पदपथ, सोसायट्यांची आवारं सगळं पक्कं झालं, मुरायचं कुठे? ब्रिमस्टोवॅडने ताशी ५० मिलिमीटर सांगितले आणि मुरण्याचा हिशेबच सोडून दिला. पण गटार मोठं करायचं तर समुद्राकडच्या तोंडापासून वर यावं लागतं. खालची वाहिनी तेवढीच ठेवून वरच्या रस्त्याच्या कडेला नवं गटार घातलं, तर पाणी सखल भागात आणखी लवकर पोहोचतं. तो सखल भाग म्हणजे आम्ही. “कडेची गटारं धरलेली असतातच” याला माझं एवढंच उत्तर आहे.

डांबरी रस्ता खणून बुजवता येतो. काँक्रिटचं अख्खं पॅनेल काढावं लागतं, आणि तीस वर्षं टिकेल म्हणून केलेला रस्ता दुसऱ्या वर्षी फोडायला परवानगी कोण देईल? म्हणजे रस्त्याखाली जे गटार आज आहे, तेच पुढची तीस वर्षं राहणार. मी थांबा म्हटलं ते यासाठी, रस्ते नकोत म्हणून नव्हे. हे मूळ लेखात होतं. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचला असता तर बरं झालं असतं.

हिंदमाताला दोन उड्डाणपुलांमधला रस्ता उंच केला. गाड्या जाऊ लागल्या, बातम्या आल्या. घरं होती तिथेच राहिली. प्रमोद महाजन कला उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, त्यांनी फरक पडला. तो मी माझ्या उंबऱ्यावर पाहिला आहे. पण त्या टाक्या बांधायची वेळ आली, कारण वाहून न्यायची वाट अपुरी होती.

खर्चाचं म्हणाल तर एकच रस्ता दोनदा खणण्याचा हिशेब आधी तुम्ही मांडा, मग बोलू.

पुढे लिहायचं असेल तर एकच करा. खालची वाहिनी न बदलता काँक्रिट झालेला आणि तरी जुलैत कोरडा राहिलेला तुमच्या भागातला एखादा सखल रस्ता असेल, तर त्याचं नाव कळवा. मोठ्या भरतीच्या दिवशी, पाऊस असताना, मी स्वतः जाऊन बघून येईन.