नळीतलं औषध टिकायला हवं

लघवीच्या नळ्यांवरच्या (कॅथेटरवरच्या) लेखात म्हटलंय की नळीच्या सिलिकोनमध्ये जंतुनाशक नुसतं मिसळलं तर बरंचसं पहिल्या काही दिवसांतच निघून जातं, म्हणून ते आधी सुधारित चिकणमातीत बसवायचं आणि ती माती सिलिकोनमध्ये मिसळायची. वाचताना वडील आठवले. लघवीची नळी होती त्यांना. दोनदा जंतुसंसर्ग झाला, एकदा क्षार साचून नळीच तुंबली. प्रोटियस जिवाणू युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतात, त्यातून तो थर बसतो.

मातीचं काम लेखात आणखी उलगडायला हवं होतं. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीतल्या खनिजाचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे, ऋण प्रभाराचे, मधे सोडियम. धन प्रभाराचं क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक त्या सोडियमची जागा घेतं आणि बाहेरच्या क्षारांशी अदलाबदल होत सावकाश सुटतं. शिवाय पापुद्र्यांना वळसे घालत जावं लागल्याने त्याची वाटही लांबते. पण माती जास्त झाली की सिलिकोन ताठ होतं, आणि रुग्णाला हवी असते मऊ नळी! औषध फारच थेंबाथेंबाने सुटलं तर जिवाणू त्याला सरावतात, हीही भीती आहेच.

सिलिकोनची नळी १२ आठवड्यांपर्यंत ठेवतात. म्हणून संशोधकांना कळकळीची विनंती: चाचण्या साध्या पाण्यात नको, लघवीत घ्या, आणि तेवढे दिवस घ्या.